अक्षरं आहेत, पण दिसत नाहीत

रंगीत पार्श्वभूमीवर चार शब्द टाकणं हे दोन मिनिटांचं काम असतं, असं ज्यांना ते करायचं नसतं ते सगळे सांगतात. आमच्या साहेबांनीही तेच सांगितलं. एक पोस्टर: गडद हिरवी पार्श्वभूमी, वर पांढऱ्या अक्षरांत कार्यक्रमाचं नाव, खाली तारीख. फाइल आधीच्या माणसाने करून ठेवलेली. तो नोकरी सोडून गेला होता. का, ते मला तासाभरात कळलं.

मी टाइप केलं. काहीच नाही. कर्सर लुकलुकतोय, पुढे सरकतोय, स्पेस दिली की तीही इमानदारीत घेतोय, पण मागे एक अक्षर उमटेल तर शपथ!

अशा वेळी पहिला संशय लेयरवर, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांवर. मजकूर पार्श्वभूमीच्या खाली दबला असेल म्हणावं, तर तो सगळ्यात वर. शेजारचा, थर दाखवायचा-लपवायचा डोळा उघडा. ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, १००. मग वाटलं, एवढ्या मोठ्या पोस्टरवर १२ पॉइंटची अक्षरं ठिपक्याएवढी दिसत असतील. झूम केलं. आणखी केलं. सगळीकडे तोच हिरवा, फक्त अधिक जवळून. 'बंद करून परत चालू करा' असा सल्ला पलीकडच्या टेबलावरून आला. तो प्रत्येक प्रश्नाला येतो. तेही केलं.

गुन्हेगार सापडला तो लेयरच्या पॅनलवरच्या एका निरुपद्रवी यादीत. ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते! तिथे 'नॉर्मल'ऐवजी 'मल्टिप्लाय' होतं. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार: वरच्या रंगाचा आकडा गुणिले खालच्याचा, भागिले २५५. पांढरा म्हणजे २५५. म्हणजे उत्तर काय, तर खालचा रंग, जसाच्या तसा. पांढरी अक्षरं पूर्ण गायब, आणि सॉफ्टवेअरच्या हिशेबात एक पैशाची चूक नाही. 'स्क्रीन' मोडमध्ये काळ्या अक्षरांची हीच गत होते. पूर्वसुरींनी ही सोय कशासाठी करून ठेवली होती, देव जाणे.

मोड बदलला आणि अक्षरं लख्ख उभी राहिली. मी साहेबांना बोलावलं.

"पांढरं फार मिळमिळीत वाटतंय हो. लाल करा. उठून दिसेल."

लाल आणि हिरवा हे विरुद्ध रंग, म्हणून एकमेकांवर उठून दिसतात, अशी पुष्कळांची समजूत असते. पण डोळ्याला वाचायला लागतो तो उजेडातला फरक. वेबसाठीच्या निकषांत साध्या मजकुराला निदान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे हाच फरक, सांगितलाय. पांढऱ्यावर काळ्याचा भरतो २१ : १. साहेबांच्या भडक लालाचा त्या गडद हिरव्यावर भरला जेमतेम १.३. मी चित्र ग्रेस्केल करून दाखवलं. लाल करडा झाला, हिरवाही करडा झाला, आणि दोघे गळ्यात गळा घालून बसले.

"मला तर वाचता येतंय," साहेब म्हणाले.

येणारच. मजकूर त्यांनीच लिहिला होता.

मग तडजोडी सुरू झाल्या. लालाला पांढरी कड दिली. अक्षरं सुजल्यासारखी दिसायला लागली. सावली टाकली, आता प्रत्येक ओळ दोनदा छापल्यासारखी, आणि अनुस्वारांची तर दाटीच. ग्लो दिला, आणि तो माझा मीच काढला, कारण काही गोष्टी साहेबांच्याही दृष्टीस पडू नयेत. शेवटी अक्षरं पुन्हा पांढरी केली आणि खाली काळी, अर्धपारदर्शक पट्टी सरकवली. ओपॅसिटी ६०. हिरवाही शाबूत, अक्षरंही खणखणीत. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येत होती.

तिथूनच कोणीतरी वाचली.

"साहेब, ही तारीख गेल्या वर्षीची आहे ना?"

साहेब पुढे आले. वाकून पाहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद पाहिला, पुन्हा स्क्रीन पाहिली.

"छापायला गेलेल्या प्रती लाल अक्षरांच्याच आहेत," ते हळूच म्हणाले. "त्या राहू द्या."