कुत्रा आणण्याआधी घरातल्यांच्या वयांची बेरीज करा

घरात कुत्रा आणायचा विषय निघाला की जात, रंग, नाव, केस किती गळतील यावर तासन्‌तास चर्चा होते. एक साधी बेरीज मात्र कुणी करत नाही. एक कागद घ्या, घरातल्या प्रत्येकाचं वय लिहा आणि प्रत्येकात १२ मिळवा, कारण कुत्र्याची साथ साधारण तेवढी वर्षं असते. ८ वर्षांची मुलगी २० ची होईल, म्हणजे बहुधा शिकायला बाहेर असेल. ४८ चे बाबा साठीला टेकतील. ७० ची आजी ८२ ची होईल. आता मागचे पाय अधू झालेला ३० किलोचा कुत्रा शी-शूसाठी उचलून खाली कोण नेणार, ते त्या कागदावर शोधा. "मीच सगळं करीन, प्लीज आणू या ना" म्हणणारी व्यक्ती त्या वेळी घरात नसते आणि ज्यांनी सुरुवातीला नाक मुरडलेलं असतं त्यांच्यावरच म्हाताऱ्या कुत्र्याची पाळी येते. अनेक घरांत घट्ट नातं शेवटी त्यांचंच जुळतं, हा भाग वेगळा.

"त्यांचं आयुष्य कमी असतं, कशाला जीव लावायचा" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मला विचाराल तर आयुष्य किती यापेक्षा ते कोणत्या वेगाने सरतं, हा प्रश्न मोठा आहे. माणसांची वर्षं आणि कुत्र्याची वर्षं एका चालीने चालत नाहीत. नात्यात जे काही बिनसतं, त्यातलं बरंचसं ही चाल न ओळखल्यामुळे.

'कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात' हा हिशोब आधी डोक्यातून काढा. २०२० साली सॅन डिएगोच्या संशोधकांनी लॅब्रॅडॉरच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल माणसांशी ताडून पाहिले. त्यांच्या सूत्रानुसार १ वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीत असतो, २ वर्षांचा ४२ च्या आसपास, ४ वर्षांचा ५३ आणि ७ वर्षांचा ६२. एका जातीवरचं सूत्र आहे, आकडे शब्दशः घेऊ नका. पण चढ आधी खूप तीव्र आणि मग हळूहळू सपाट होत जाणारा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आकाराचाही खेळ आहेच. हत्ती उंदरापेक्षा खूप जगतो, पण कुत्र्यांमध्ये गणित उलटं. ग्रेट डेन साधारण ७ ते १० वर्षं, लॅब्रॅडॉर ११ ते १३, चिवावासारखे चिमुकले १४-१५ सहज गाठतात. ग्रेट डेन जन्मतो तेव्हा किलोभराचाही नसतो आणि दीड-दोन वर्षांत ५० किलोच्या पुढे जातो. वाढीचा हा वेग आणि लवकर येणारं म्हातारपण यांचा संबंध आहे, असं संशोधक मानतात. त्यामुळे 'मोठा कुत्रा की छोटा' हा निर्णय घराच्या क्षेत्रफळावरून करण्याआधी 'सात-आठ वर्षांची साथ की पंधरा' असा करून बघा. (ऑस्ट्रेलियातला ब्लूई नावाचा कुत्रा २९ वर्षं ५ महिने जगला, १९३९ साली गेला. लॉटरी कुणाला तरी लागतेच, तिच्या भरवशावर घर चालवायचं नसतं.)

पहिली घाई असते ती पिल्लू आल्या आल्या. साधारण ३ ते १४ आठवडे या वयात पिल्लू जग 'आपलं' म्हणून स्वीकारतं. ते घरी येतं आठव्या आठवड्याला, म्हणजे आपल्या हातात उरतात जेमतेम सहा आठवडे. या काळात रोज एक-दोन नव्या गोष्टी दाखवा: छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत चालणारा माणूस, हेल्मेट, मिक्सरचा आवाज, लहान मूल, निसरडी फरशी, जिना. पिल्लू निवांत राहील इतक्या अंतरावरून सुरू करा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्या. मागे सरकलं तर अंतर वाढवा, पुढे ढकलू नका. लसींचा कोर्स सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतो, म्हणून बरेच जण तोवर पिल्लाला दारही दाखवत नाहीत. मग चार महिन्यांनी बाहेर नेलं की ते प्रत्येक सायकलवर भुंकतं. मधला मार्ग आहे: उचलून न्या, अनोळखी कुत्रे फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, लसी पूर्ण झालेल्या ओळखीच्या शांत कुत्र्यांशी भेट घडवा. रोज दहा-दहा सेकंद पंजे धरा, कान उलगडा, ओठ वर करून दात बघा. पुढची बारा वर्षं नखं, कान आणि दात यांचं काम निघणार आहे. आत्ता सवय लागली नाही तर दर वेळी तिघांनी धरून बसावं लागतं.

मग येतं वात्रट वय, साधारण ६ ते १८ महिने. ब्रिटनमधल्या २०२० च्याच एका अभ्यासात दिसलं की ८ महिन्यांची कुत्री ओळखीच्या माणसाने 'बस' म्हटलं तर आधीपेक्षा कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. अगदी आपल्या घरातल्या किशोरांसारखं! वर्षाचे झाले की गाडी हळूहळू पुन्हा रुळावर येऊ लागते. पण 'हा बिघडला' म्हणून लोक हात टेकतात ते नेमके याच महिन्यांत. मारझोड सुरू होते, बांधून ठेवणं सुरू होतं, कुणाला तरी देऊन टाकायच्या गोष्टी निघतात. बारा वर्षांतलं हे एक वर्ष आहे. लांब पट्टा वापरा, सूचना कमी द्या पण त्या पाळायला लावा, आणि बोलावल्यावर आला तर रागावू नका, उशिरा आला तरी. ओरडा खायला कोण परत येईल?

२ ते ७ या वर्षांत काहीच घडत नाही, म्हणून घर निर्धास्त होतं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं असं माझं मत आहे, कारण ते दिसत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक श्वानपालकाने पाठ करावा असा आहे. ४८ लॅब्रॅडॉर, एकाच वेतातली पिल्लं निवडून केलेल्या जोड्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही जन्मभर. जास्त खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे ज्या वयापर्यंत जगले ते वय) ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. जवळपास दोन वर्षं, फक्त वाटीतून! सांधेदुखीही त्यांना उशिरा गाठते. लाडाने 'एक घास अजून' देणाऱ्यांनी हे आकडे फ्रिजवर चिकटवावेत.

वजन बरोबर आहे का, हे काट्याशिवाय कळतं. एका हाताची मूठ वळून दुसऱ्या हाताची बोटं तिच्या टोकदार सांध्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा हडकुळा आहे. आता हात सपाट पसरून मागच्या बाजूवरून बोटं फिरवा. बरगड्या अशा लागायला हव्यात. तळव्याकडून दाबल्यावर लागतात तसं लागलं तर वजन जास्त आहे. खाणं वाटीने न मोजता ग्रॅममध्ये तोला. वाटी प्रत्येकाच्या हातात वेगळी भरते, आणि घरातली चार माणसं चार वेळा 'थोडंसंच' देतात. ट्रीट दिवसभराच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवा.

याच निवांत वर्षांत आणखी एक काम उरकून घ्या. 'ये', 'बस', 'थांब' या प्रत्येक शब्दाला हाताची खूण जोडा. म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं, तेव्हा ही खूणच तुमची भाषा असते. बहिऱ्या झालेल्या कुत्र्याला नव्याने शिकवताही येतं, पण आधीपासून येत असेल तर तो गोंधळत नाही.

म्हातारपण ओळखण्यात बहुतेक घरं चुकतात. 'आता कसा शहाणा, शांत झालाय' असं कौतुकाने सांगितलं जातं तेव्हा अनेकदा त्याचे सांधे दुखत असतात. कुत्रा दुखण्याने ओरडतोच असं नाही. बसण्याआधी दोनदा जागा बदलणं, जिन्यापाशी थबकणं, एकच सांधा चाटत राहणं, मागच्या पायांची नखं पुढच्या बाजूने घासलेली दिसणं, या खुणा बघा. डोळ्यांत निळसर धुरकट झाक दिसली म्हणजे मोतीबिंदूच असं नाही. वयानुसार भिंग घट्ट होतं आणि तेव्हा दिसणं फारसं बिघडत नाही. फरक डॉक्टरांना तपासू द्या. दार उघडताना बिजागरीच्या बाजूला जाऊन उभं राहणं, रात्री येरझाऱ्या, घरात अचानक शू ही मेंदूच्या म्हातारपणाची लक्षणं असू शकतात. गाढ झोपेत ३० सेकंद श्वास मोजून दुप्पट करा. हा आकडा वारंवार ३० च्या वर जात असेल तर हृदय तपासून घ्या.

घरात करायचे बदल स्वस्त आणि सोपे आहेत: गुळगुळीत फरशीवर न सरकणारी चटई, नखं वेळच्या वेळी कापणं, रात्री छोटा दिवा, फर्निचरची जागा न बदलणं, अर्ध्या तासाच्या एका फेरीऐवजी दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. आणि माणसांची वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने अजिबात नको. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला अल्सर आणि मूत्रपिंडाला इजा करतं.

शेवटच्या टप्प्याचं ठरवणं कठीण. 'वेळ आली की कळतंच' यावर माझा विश्वास नाही, कारण रोज बघणाऱ्याला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांनी सात मुद्द्यांची मोजपट्टी केली आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकी १० पैकी गुण (१० म्हणजे उत्तम), बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळणं चालू ठेवता येतं. घरातल्या प्रत्येकाने एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. आकड्यांत फरक पडला की खरी चर्चा सुरू होते. दयामरणाचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तर कुठे, कोण जवळ असेल आणि देहाचं काय करायचं हे आधीच ठरवा. डोळे उघडे राहतात, शू होऊ शकते, थांबल्यानंतरही एखादा श्वास येऊ शकतो. हे आधी माहीत नसलं की माणसं घाबरतात. मुलांना 'झोपलाय' किंवा 'गावाला गेलाय' सांगू नका. लहान मूल खरंच वाट बघतं, नाहीतर स्वतः झोपायला घाबरतं.

आता दुसऱ्या कुत्र्याचं. 'म्हातारा जायच्या आत पिल्लू आणा, दुःख कमी होईल' हा सल्ला सर्रास दिला जातो. सांधे धरलेल्या १३ वर्षांच्या जिवाच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं पिल्लू आणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आणायचंच तर पहिला अजून खेळू शकतो आणि कंटाळला की उठून जाऊ शकतो, अशा वयात आणा. आणि साठी-सत्तरीतल्यांनी पिल्लाच्या मागे लागण्याऐवजी ७-८ वर्षांचा कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचा स्वभाव, आकार, आजार समोर दिसतात, वात्रट वय मागे पडलेलं असतं आणि फिरण्याचा वेगही जुळतो. फक्त आणण्याआधी रक्ततपासणी, दात आणि हृदय बघून घ्या आणि नव्या घरात रुळायला दोन-तीन महिने द्या. पहिल्या आठवड्यात नातेवाइकांची रांग लावू नका.