आप्पांचा मीटर

आमच्या घरात दिवा लावायला कुणाची मनाई नाही. लावलेला दिवा टिकवणं मात्र महाकठीण. तुम्ही खोलीत आहात, दिव्याखाली बसून वाचताय, एवढं पुरत नाही. तुम्ही जे वाचताय ते दिव्याच्या लायकीचं आहे का, हे आप्पा येऊन बघतात. हातात वर्तमानपत्र असेल तर "सकाळी उजेड होता तव्हय काय करत होता?" असा सवाल. हातात मोबाइल असेल तर सवालही नाही. "त्याले सोताचा उजेड शे ना!" एवढं म्हणतात आणि बटण खाली.

आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे एरंडोल तालुक्यातले, हयात गेली जिनिंगमध्ये दिवाणजी म्हणून. तिथं कापसाच्या गाठी मोजल्या. निवृत्त होऊन जळगावला आमच्याकडे राहायला आले, मोजायला गाठी उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घर मोजायला घेतलं. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते विजेच्या मीटरपुढे उभे राहतात आणि आकडा डायरीत उतरवतात. ही डायरीही साधी नाही. कुणीतरी भेट दिलेली 2011 ची कोरी डायरी त्यांनी 2022 साली वापरली, कारण दोन्ही वर्षांचे वार तंतोतंत जुळतात. 2015 ची एक तशीच राखून ठेवली होती, ती 2026 साठी. अकरा वर्षं एक वही कपाटात सांभाळणाऱ्या माणसाशी दिव्यावरून भांडायचं म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात येईल.

मी भांडलो. कागद-पेन घेऊन बसलो आणि मांडून दाखवलं की 9 वॉटचा एलईडी दिवा 1 युनिट वीज जाळायला 111 तास घेतो. आप्पांनी चष्मा लावून गणित तपासलं. "बरोबर शे," म्हणाले. "आता लगीन झाल्यापासून तू असे किती 111 तास जाळलेस, तेही मांड."

त्यांची खरी लढाई असते ती शंभराच्या आकड्याशी. घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर आणि 101 पासून 300 पर्यंत त्याहून चांगलाच चढा दर, हे त्यांना कळलं तेव्हापासून 101 वं युनिट हा त्यांचा वैयक्तिक शत्रू झाला. महिना संपत आला की घरात पडद्याआड हालचाली वाढतात. इस्त्री गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे जाते. मिक्सरऐवजी खलबत्ता निघतो आणि ठेचा "खरा तर असाच चांगला लागतो" असं आप्पा जाहीर करतात. कुटायला अर्थातच जिजी, म्हणजे माझी आई, बसते. पंखा दोनवर येतो. आता आमच्या माजघरातला रेग्युलेटर जुन्या काळचा, डब्याएवढा. तो पंख्याचा वेग कमी करतो आणि उरलेली वीज स्वतः गरम होऊन उडवतो. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं तसं नसतं. हे मी आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी डब्याला हात लावून पाहिला, खरंच गरम लागला. थोडा विचार करून म्हणाले, "पावसाळ्यात यावर मोजे वाळतील."

आमच्याकडे एसी आहे. खोटं कशाला बोलू? ताईच्या हट्टापायी घेतला, दीड टनाचा, पाच ताऱ्यांचा. त्याला जिजीच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली आहे आणि रिमोट कपाटात, दागिन्यांच्या खणात असतो. आम्ही राहतो कूलरवर. जळगावची हवा कोरडी, म्हणून इथं कूलर चालतो. मुंबईच्या पाहुण्यांना हे पटत नाही, कारण त्यांच्याकडे कूलर लावला तर माणूस फक्त ओला होतो. पण आमच्या कूलरलाही नेम आहेत. दुपारची जेवणं झाल्यावर सुरू, चहाच्या वेळी बंद. मध्ये दर थोड्या वेळानं आप्पा उठतात आणि आतला पाण्याचा पंप बंद करतात. "गवत ओलं शे अजून." मग ते ओलं गवत वाळेपर्यंत आम्ही गार हवेचे शेवटचे झोत खातो, आणि वाळलं की कुणी उठायचं यावर नुसत्या डोळ्यांनी चर्चा होते.

कूलरमध्ये पाणी कुठलं, हा वेगळा अध्याय. आमच्या भागात नळ रोज येत नाही, त्यामुळे पाण्याला घरात जावयाचा मान. पाणी शुद्ध करायचं यंत्र एक लिटर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर बाजूला टाकतं, हे आप्पांनी पाहिलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. तेव्हापासून त्या नळीखाली बादली. ते पाणी आधी कूलरमध्ये जायचं. पण त्यातल्या क्षारांनी कूलरच्या गवतावर पांढरा थर जमला आणि कूलर आजारी पडला, म्हणून त्याची बदली फरशी पुसण्यावर झाली. फरशीनंतर ते अंगणात शिंपडलं जातं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं मोगऱ्याला. गल्लीच्या तोंडाशी मोकाट गुरांसाठी दगडी कुंडी आहे, ती मात्र आप्पा स्वतः दोन्ही वेळा काठोकाठ भरतात, आणि तेही नळाच्या चांगल्या पाण्यानं. तिथं बादल्या मोजलेल्या मी त्यांना पाहिलं नाही.

विजेपेक्षा आणि पाण्यापेक्षाही त्यांना सलतं ते ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. सगळं जळगाव दारं-खिडक्या लावून बसलेलं असतं, आणि आप्पा ओट्यावर उभे राहून हळहळतात, "केवढं ऊन वाया चालनं!" ज्या गोष्टीची सुबत्ता आहे तीच कुणी वापरत नाही, हे त्यांना बघवत नाही. तसं आम्ही वापरतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी अकरा वाजेपर्यंत असं तापतं की हात भाजतो. गीझर मार्चमध्येच निवृत्त होतो. अडचण असते ती गार पाण्याची, म्हणून आंघोळी पहाटे पाचला. वाळवणं तर गच्चीभर असतात: ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, उडदाचे पापड. पण आप्पांचं समाधान होईना. शेवटी त्यांनी कुठूनसा एक जुना सौरकुकर पैदा केला. पत्र्याची पेटी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आत काळे रंगवलेले चार डबे.

यंत्र उत्तम आहे. दोष एकच, सूर्य एका जागी थांबत नाही. त्यामुळे पेटीचं तोंड सारखं फिरवत राहावं लागतं. "रविवारी तू घरीच शेस, बिबड्या राखाले गच्चीवर बसणारच शेस, बसल्या बसल्या कुकर फिरव," असं ठरलं. बसणार आहे हे मला तेव्हाच कळलं. डोक्याला ओला पंचा, हातात कावळे हाकलायची काठी, समोर आरसा, आणि त्या आरशातून परतणारं ऊन नेमकं माझ्या डोळ्यांत. काच उघडून डाळ शिजली का बघायचीही सोय नाही; उघडली की आतली उष्णता गेली, पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या गच्चीवरून पाटीलकाकू विचारतात, "काय भाऊ, शिजलं का?" त्या डाळीबद्दल विचारतात की माझ्याबद्दल, हे मी कधी स्पष्ट करून घेतलं नाही.

दोन-अडीच तासांनी वरणभात होतो. आणि चांगला होतो, हे मान्य करायलाच हवं. डाळ मऊ, खाली लागत नाही. मी मात्र खाली उतरतो तेव्हा लागोपाठ कैरीच्या पन्ह्याचे पेले रिकामे करतो, परत आंघोळ करतो आणि चार वाजेपर्यंत कूलरपुढून हलत नाही. आप्पांच्या डायरीत त्या दिवशी नोंद असते: "गॅस वाचला." पन्ह्याचा गूळ, आंघोळीचं पाणी आणि कूलरचं युनिट कुठल्या खात्यात, असं मी विचारलं. "ते तुन्हं खाजगी," म्हणाले.

लग्न झाल्यावर या राजवटीत आपल्या बाजूनं कुणी येईल अशी मला आशा होती. ही आली पारोळ्याहून. पहिल्याच आठवड्यात तिनं तुपाची रिकामी पिशवी कात्रीनं उभी उकलली, तिच्यावर गरम पोळी फिरवली आणि पिशवी धुऊन नळावर वाळत घातली. आप्पांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की, तू आयुष्यात एक काम तरी बरं केलंस. आता विजेचं खातं आप्पांकडे, डब्यांचं हिच्याकडे. आमच्या फ्रीजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यांत ठेचा, मेथी, खोबरं काहीही असतं. एकदा माझ्या मित्रानं येताना खरंच आइस्क्रीम आणलं. डबा वरच्या कप्प्यात आठवडाभर तसाच पडून राहिला. सगळ्यांना वाटलं, ठेचा असेल.

पण काटकसरीला खरं आव्हान महागाईचं नसतं, फुकटाचं असतं. आप्पांचे एक जिनिंगमधले स्नेही यावल तालुक्यात केळीवाले. दरवर्षी त्यांच्या मळ्यातून एक अख्खा घड येतो. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे, जगभर तिचं नाव आहे, सगळं खरं. पण मे महिन्यात घड एकदा पिकायला लागला की तो माणसांकडे बघत नाही. काल हिरवा, आज पिवळा, परवा ठिपके. वाया घालवायची सोय नाही. मग नाश्त्याला शिकरण, जेवणात कोशिंबीर, संध्याकाळी पुन्हा शिकरण. मुलीच्या डब्यात केळं, माझ्या डब्यात केळं, ऑफिसात मी दिसलो की लोक हात वर करून "नको" म्हणायला लागले. फुकटच्या त्या घडानं घरातली साखर, दूध आणि वेलची फस्त केली. तो खर्च डायरीत नाही. सालींचं खत झालं, ते आहे.

आता याच माणसाची दुसरी बाजू सांगतो. हिवाळ्यात शेतात भरिताचा बेत असला की आप्पा स्वतः वांगी निवडतात, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजून घेतात आणि फोडणीला तेल ओतताना हात आखडत नाहीत. जिजीनं घरी भाजीत एवढं तेल टाकलं असतं तर पंचायत बसली असती. कळण्याची भाकरी, वर तेलाचा तवंग असलेलं भरित, आणि ओळख नसलेलाही कुणी बांधावरून चालला असेल तर त्याला हाक. "बठ ना भाऊ, जेयी ले." आणि दसऱ्याला सोनं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन गल्ल्या फिरणारा माणूस सराफाकडे गेला की भाव विचारतो, मान हलवतो आणि मुकाट्यानं पैसे मोजतो. "सोनं काय खर्च शे का? ती बचत शे." जळगावची सराफी ज्यावर उभी आहे ते तत्त्वज्ञान हेच असावं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तर घरात क्रांती होते. आखाजी होऊन पितरांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे आंबा खात नाहीत. आप्पा हा नियम भक्तिभावानं पाळतात, आणि तोवर आंब्याचे भाव उतरतात हेही त्यांना ठाऊक आहे. पूर्वजांचं हेच तर त्यांना आवडतं. ताई सुरतेहून पोरांना घेऊन माहेरी येते, लिंबाला झोका बांधला जातो, जिजी खापरावर मांडे करते, पाटीभर आंब्यांचा रस निघतो. आणि ज्या दिवशी ताई येते त्या दिवशी लुगड्याची खोळ निघते, दागिन्यांच्या खणातून रिमोट निघतो. आप्पा स्वतः बटण दाबतात. "पोरी घामेघूम झाल्या." ताईची मुलं दिवे लावून अंगणात पळतात, पंखा चालू ठेवून झोक्यावर जातात, नळ सोडून दात घासतात. मी प्रत्येक वेळी आप्पांकडे बघतो. आप्पा आढ्याकडे बघतात. तिच्या मुक्कामात मीटरची नोंदही होत नाही. त्या तारखांची पानं डायरीत कोरी आहेत, मी पाहिली आहेत.

मग ताई जाते आणि बिल येतं. यंदाच्या बिलात 101 वं युनिट कुठल्या कुठे मागे राहिलं होतं. आप्पांनी एकूण आकड्याकडे पाहिलंच नाही. बिलावर आणखी एक ओळ असते: अमुक तारखेच्या आत भरलं तर थोडी सूट. यंदा ती 24 रुपये होती. तारीख त्याच दिवशीची. "मी मोबाइलवरून भरतो," मी म्हणालो. त्यांना पावती हातात लागते. शिक्का नसलेला पैसा त्यांच्या मते हवेत जातो. टोपी घातली, छत्री घेतली आणि ऐन दुपारी निघाले, अर्थात पायी. "गाडीनं गेलो तर ती सूट पेट्रोलमा जाईल."

बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी चप्पल घालून बाहेर पडतो तोच दाराशी रिक्षा थांबली. आत आप्पा, चेहरा लालबुंद. भरणा झाला होता, पण परतताना घेरी यायला लागली. रिक्षावाल्यानं घरापर्यंतचे चाळीस सांगितले. आप्पा म्हणाले, "24 रुपयांत जठे जाईन तठे उतारी दे." तो बिचारा दोन चौक वाद घालत चालवत राहिला आणि तेवढ्यात आमचं घरच आलं.

"काका, तुमच्याशी बोलण्यापेक्षा चोवीस बरे," असं म्हणून त्यानं पैसे घेतले. आप्पांनी मोजून दिले, हिशेब शून्यावर आला, चेहऱ्यावरची लाली उतरली. जिजीनं त्या पोराला सावलीत बसवलं, पन्हं दिलं, आणि संधी साधून उरलेल्या केळ्यांच्या दोन फण्या कापडी थैलीत भरून त्याच्या रिक्षात ठेवल्या. तो नको नको म्हणत असताना मी स्वतः त्याला धक्का देऊन रिक्षा सुरू करायला लावली.

रिक्षा वळणावर पोचली तोच आप्पा ओट्यावरून उठले आणि मगाशी घेरी आलेला तो माणूस खणखणीत आवाजात ओरडला:

"केया लई जाय भाऊ, पन थैली तेवढी परत आनी दे!"