नुसतं बीकन पुरत नाही

नागपूरहून हिवाळी ट्रेकला निघणाऱ्यांसाठी एका लेखात दिलेल्या सामानाच्या यादीत बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याची जागा रेडिओ सिग्नलवरून दाखवणारं, अंगावर बाळगायचं यंत्र) आहे, प्रोब (बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे ते चाचपायची लांब काठी) आणि फावडं मात्र नाही. मग गाडलेला माणूस कुठे आहे ते कळेल, पण काढणार कशाने? हातांनी? हिमस्खलन थांबलं की बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, आणि पहिल्या 15 मिनिटांत काढलं नाही तर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते. प्रोब उताराला काटकोनात खुपसायचा. माणूस लागला की प्रोब तसाच राहू द्या, अन् खालच्या बाजूने आडवं खणत आत शिरा. शोधताना मोबाईल बीकनपासून किमान 50 सेंमी लांब. बंदच केलेला बरा. 30 ते 45 अंशांचा उतार एकेकानेच ओलांडायचा. आपल्या ग्रुपना घोळक्याने चालायची भारी हौस!