दुपारी दोनची लॅब

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) आपल्या मराठी मंडळींची दोन टोकाची मतं कानावर येतात. पहिलं : "हे कसलं शिक्षण? लाखभर लोक स्टेडियममध्ये आरडाओरडा करतात आणि कोचला कुलगुरूच्या कितीतरी पट पगार!" दुसरं : "बघा, तिकडे खेळाडूला कॉलेज फुकट शिकवतं, उगाच नाही ऑलिंपिकला पोत्याने पदकं मिळत." दोन्ही ऐकून मी कंटाळले आहे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी सध्या नॉर्थ कॅरोलिनात राहते. त्याआधी मिडवेस्टातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पीएचडी करताना टीए (शिकवणारी सहायक) म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. वर्गात खेळाडू असायचेच. भारतातून गेलेल्या माझ्यासारखीला वाटलं होतं की ही मुलं वर्गात येणारच नाहीत, आपल्याकडच्या कॉलेजांतल्या 'स्पोर्ट्सवाल्यां'सारखी. झालं उलटंच. सगळ्यांत वेळेवर तीच यायची, कारण क्रीडा विभागाचा माणूस दाराच्या काचेतून हजेरी टिपून जायचा. सामन्यासाठी बाहेरगावी जायचं असलं की आठवडाभर आधी सहीशिक्क्याचं पत्र. सेमिस्टरच्या मध्यावर माझ्याकडे फॉर्म : याची ग्रेड काय, गृहपाठ देतो का, मदत लागेल का. पोहणाऱ्या मुली तर वर्गातल्या पहिल्या पाचात. पहाटे पाचला पाण्यात उतरणाऱ्या मुलीला वेळेचं गणित शिकवावं लागत नाही.

म्हणजे सगळं आलबेल? नाही. एका फुटबॉल खेळाडूला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. डोकं चांगलं होतं, गणित बरं होतं. पण लॅब दुपारी दोनला आणि प्रॅक्टिसही दुपारीच. लॅबची सकाळची बॅच भरलेली. त्याच्या ॲडव्हायझरने (अभ्यासाच्या सल्लागाराने) त्याला समजावलं, कुणी दमदाटी केली नाही, आणि पुढच्या सेमिस्टरला तो अशा एका मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) गेला जिथे सगळे तास दुपारी बाराच्या आत संपत. तो पास झाला, वेळेत पदवीधर झाला. विद्यापीठाच्या अहवालात तो यशोगाथा म्हणूनच मोजला गेला असणार.

माझं सगळं म्हणणं या एका मुलात आहे. वरच्या पातळीवरचा खेळ आणि खरं शिक्षण एकत्र चालू शकतात की नाही हे पदवीधरांच्या टक्केवारीवरून कळत नाही. खेळाडूला काय शिकायला मिळालं आणि कोणत्या विषयाचं दार त्याच्यासाठी आधीच बंद होतं, हे विचारावं लागतं.

नियम पाहा ना. एनसीएए ही तिथली कॉलेज खेळांची मुख्य संस्था. तिचा नियम सांगतो की हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव नको. कागदावर. प्रवास, मसाज-फिजिओ आणि 'ऐच्छिक' म्हणवला जाणारा व्यायाम धरून खेळाडू स्वतः सांगतात तो आकडा तीस-चाळीस तासांवर जातो. त्यातही ऐच्छिक व्यायामाला गेला नाहीत तर शनिवारच्या सामन्यात बाकावर बसायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच वेळी हंगामात किमान 12 क्रेडिट (साधारण चार कोर्स) घेतलेच पाहिजेत. शिवाय दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचे 40 टक्के, तिसऱ्याअखेर 60, चौथ्याअखेर 80 टक्के पुरे झालेले हवेत, नाहीतर खेळता येत नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता : मुलं चार वर्षं खेळून रिकाम्या हाताने जाऊ नयेत. परिणाम असा झाला की दुसऱ्या वर्षी ज्याला कळतं की आपल्याला खरं तर जीवशास्त्र आवडतं, त्याने मेजर बदललं तर त्याची टक्केवारी कोसळते. मग तो बदलत नाही. एकेका संघातली निम्मी मुलं एकाच मेजरमध्ये सापडतात ती योगायोगाने नाही.

आता यूएनसी चॅपल हिलकडे, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडे येते. माझ्या घरापासून फार लांब नाही, आणि ऑफिसातले निम्मे लोक त्यांच्या फिकट निळ्या रंगावर जीव टाकतात, त्यामुळे हे लिहिताना जपूनच लिहिते. हे सरकारी विद्यापीठ 1795 पासून चालू आहे. डीन स्मिथ नावाचे बास्केटबॉलचे कोच इथे 1961 पासून 1997 पर्यंत होते. त्यांचे जवळजवळ सगळे खेळाडू पदवीधर होत. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांनी चार्ली स्कॉट या कृष्णवर्णीय खेळाडूला स्कॉलरशिप देऊन आणलं. मायकेल जॉर्डन 1984 मध्ये एक वर्ष बाकी असताना एनबीएत (व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये) गेला, तरी नंतर उरलेले कोर्स करून त्याने भूगोलाची पदवी घेतली. खेळही आणि अभ्यासही, असं अभिमानाने सांगायचं तर या विद्यापीठाचं नाव घ्यायचे लोक.

आणि तिथेच 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात असे कोर्स चालले की ज्यांचे तास होतच नसत. शेवटी एक पेपर लिहून द्यायचा, तो प्राध्यापकाने नव्हे तर विभागाच्या ऑफिसातल्या प्रशासकीय कर्मचारी बाईंनी तपासायचा, आणि बहुतेकांना वरची ग्रेड. 2014 मध्ये केनेथ वेनस्टाइन या वकिलांचा चौकशी अहवाल आला : 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी हे कोर्स घेतले होते आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू.

या अहवालात मला सगळ्यांत जास्त खुपलेली गोष्ट म्हणजे त्यात कुणी खलनायक सापडत नाही. त्या बाईंनी लाच घेतली नव्हती. अडचणीतल्या मुलांना कुणीतरी हात द्यावा असं त्यांना मनापासून वाटायचं. त्या 2009 मध्ये निवृत्त झाल्यावर खेळाडूंच्या अभ्यासाची जबाबदारी असलेल्या समुपदेशकांनी फुटबॉलच्या कोचमंडळींपुढे चक्क स्लाइड लावली : आपण मुलांना ज्या वर्गांत घालत होतो, जिथे जावं लागत नव्हतं, टिपणं काढावी लागत नव्हती, ते वर्ग आता उरलेले नाहीत. त्या सेमिस्टरला संघाच्या ग्रेडची सरासरी दहा वर्षांतली सगळ्यांत खाली आली. स्लाइड! म्हणजे चोरून काही चाललं आहे ही भावनाच उरली नव्हती.

ही बनवाबनवी कोणत्या विभागात झाली तेही बघा. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून लोक झगडले, त्यातून असे विभाग उभे राहिले. त्याच विभागाचं नाव सोप्या ग्रेडशी जोडलं गेलं, आणि फसवले गेलेले खेळाडू बहुतांशी कृष्णवर्णीय. तिथे मान खाली घालून संशोधन करणाऱ्या बाकीच्या प्राध्यापकांनी काय पाप केलं होतं?

विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये त्याला एक वर्ष प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली, ठेवलं. एनसीएएने मात्र ऑक्टोबर 2017 मध्ये सांगितलं की हे कोर्स सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणून खेळाडूंना खास सवलत दिल्याचं आम्हाला म्हणता येत नाही. आणि विजेतेपदं शाबूत राहिली. कायद्याच्या नजरेने निकाल चुकीचा नसेलही. पण अर्थ काय झाला? खेळाडूंना फसवलंत तर दंड, सगळ्यांनाच फसवलंत तर ती तुमची अंतर्गत बाब.

असा प्रकार आधीही घडला होता. जॉर्जिया राज्याच्या विद्यापीठात जॅन केम्प या शिक्षिकेने फुटबॉल खेळाडूंना वरच्या वर्गात ढकललं जातं अशी तक्रार केली आणि नोकरी गमावली. 1986 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, विद्यापीठाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. चॅपल हिलमधले ते कोर्स त्यानंतर सात वर्षांनी सुरू झाले. धडा सगळ्यांनी वाचला होता.

यावर कुणी म्हणेल, मग बंदच करा. शिकागो विद्यापीठाने 1939 मध्ये खरंच केलं. पहिली हाइसमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकणारा खेळाडू तिथलाच, तरी कुलगुरू हचिन्स यांनी फुटबॉल बंद केलं. तीस वर्षांनी परत आलं, पण लहान प्रमाणावर, स्कॉलरशिपशिवाय. शिकागोला परवडलं. ओहायो किंवा अलाबामाच्या सरकारी विद्यापीठाला ते परवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर परवडू नये असंच मला वाटतं. गावातल्या ज्या मुलाला विद्यापीठाने एरवी दारात उभं केलं नसतं, तो याच रस्त्याने आत येतो. आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या नामांकित विद्यापीठांचं, उदाहरण देणाऱ्यांनाही सांगते : तिथे क्रीडा स्कॉलरशिप नाही हे खरं, पण हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात समोर आलेल्या आकड्यांनुसार कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी 80 टक्क्यांहून अधिक जणांना प्रवेश मिळत होता. म्हणून तर आपले न्यूजर्सीचे काका-काकू पोराला तलवारबाजीच्या क्लासला पोचवत असतात. 2019 च्या प्रवेश घोटाळ्यात येल आणि स्टॅनफर्डच्या सेलिंग-सॉकरच्या जागा पैसे देऊन विकत घेतल्या गेल्या, ज्या मुलांनी कधी शीड पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी. सोवळं कुणाचंच उरलेलं नाही. आपल्याकडच्या बोगस क्रीडा प्रमाणपत्रांबद्दल इथे बोलत नाही, ती वेगळी पोस्ट होईल.

पैशाचं म्हणाल तर माझं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. खेळाडूंना पैसे मिळाले याचा मला आनंद आहे. 2021 पासून त्यांना आपल्या नावाच्या जाहिराती करता येतात. 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठ स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षासाठी (2025-26) ही मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर होती. चॅपल हिलने 2024 च्या अखेरीस व्यावसायिक फुटबॉलमधले नावाजलेले कोच बिल बेलिचिक यांना वर्षाला 1 कोटी डॉलरवर आणलं. कोचला इतकं देताना खेळाडूला 'शिक्षण हाच तुझा मोबदला' म्हणायचं, हा ढोंगीपणा संपला हे बरंच झालं.

पण पैसे आले म्हणून वेळ आला नाही. उलट गेला. टीव्हीच्या करारांपायी लीग इतक्या फुगल्या की 2024 पासून स्टॅनफर्ड आणि बर्कली ही पॅसिफिककडची विद्यापीठं 'अटलांटिक कोस्ट' नावाच्या लीगमध्ये खेळतात. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदाच खेळतात. झळ बसते ती व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींना. करार फुटबॉलचा, आणि तीन टाइम झोन ओलांडून परत येऊन सकाळची परीक्षा द्यायची यांनी. शिवाय आता दरवर्षी विद्यापीठ बदलता येतं. खेळाडूला ते स्वातंत्र्य हवंच, पण प्रत्येक उडीत काही क्रेडिट गळतात आणि चार वर्षांत तीन विद्यापीठं केलेल्या मुलाला शेवटी पदवी कुणाची द्यायची हा प्रश्न उरतो.

माझ्या हातात असतं तर हंगामात 12 क्रेडिटची सक्ती काढून टाकली असती. सहा घे, पण खरे घे. खेळ संपल्यावर तेवढीच वर्षं स्कॉलरशिप चालू ठेवण्याची लेखी हमी द्या, पाय मोडला तरी. 40-60-80 चा नियम मेजर बदलणाऱ्याला एकदा माफ करा. अभ्यासाचे ॲडव्हायझर क्रीडा संचालकाच्या पगारावर नकोत. आणि लॅब कोर्सची एक तुकडी सकाळी आठला ठेवा. इतक्या पैशांत एक लॅब असिस्टंट सहज बसतो. यातलं काहीही क्रांतिकारी नाही, फक्त कोचच्या वेळापत्रकाला हात लावावा लागतो, आणि तो लावायची कुणाची छाती होत नाही.

हे वाचणाऱ्या ज्या मैत्रिणींची मुलं सध्या टेनिस किंवा पोहण्याच्या रिक्रूटिंगमध्ये (कॉलेज संघांच्या निवडीत) आहेत त्यांच्यासाठी : कॅम्पस बघायला गेलात की चकाचक जिम दाखवतील, पदवीधरांची टक्केवारी सांगतील. ती राहू द्या. संघातली मुलं कोणकोणत्या मेजरमध्ये आहेत ते विचारा, ही माहिती संघाच्या वेबसाइटवरही बहुतेक वेळा मिळते. इंजिनिअरिंग किंवा प्री-मेड (डॉक्टरकीची पूर्वतयारी) कोण करतंय आणि प्रॅक्टिस चुकवून लॅबला जायला त्याला कोणाची परवानगी लागते ते विचारा. ॲडव्हायझरचा बॉस कोण ते विचारा. आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या मुली दुखापतीमुळे खेळायच्या थांबल्या, त्या आज त्याच विद्यापीठात आहेत का, कोणाच्या पैशाने शिकताहेत, हे कोचला नाही, त्या संघातल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा.