वेग कोअरचा, मर्यादा उष्णतेची : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मोबाइलचे प्रोसेसर, म्हणजे त्यांतले कोअर (चिपमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं), डेस्कटॉपच्या तोडीला आले आहेत, या माझ्या विधानावर तुम्ही सविस्तर आक्षेप घेतलात, त्याबद्दल आभार. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे मुद्दे आधी थोडक्यात देतो. बेंचमार्कचे (वेगाच्या चाचण्यांचे) आकडे काही सेकंदांचे असतात, खऱ्या कामात फोन तापून मंदावतो. एआरएमच्या, म्हणजे मोबाइलच्या चिप ज्या रचनेवर बनतात तिच्या, आज्ञा साध्या, म्हणून एका आज्ञेत होणारं कामही कमी; थोडक्यात ती 'खेळण्यातली रचना'. ॲपलचा मॅक संगणकातला एम१ मुळात मोबाइल प्रोसेसरच नाही, तेव्हा मी दिलेला तो दाखला गैरलागू. आणि शेवटी आव्हान : "मोबाइलच्या चिपवर एखादा मोठा प्रकल्प कम्पाइल करून दाखवा", म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बनवून दाखवा.

फोन तापतो आणि मंदावतो, हे अगदी खरं आहे. हातात धरायच्या, पंखा नसलेल्या वस्तूतून सलग तीन ते पाच वॉटच्या आसपासच उष्णता बाहेर पडू शकते. त्याहून जास्त वीज आत गेली की क्लॉक (चिपचे सेकंदाला पडणारे ठोके, ते गिगाहर्ट्झमध्ये मोजतात) खाली आणण्यावाचून इलाज नसतो. दुसरीकडे इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या चिपला २५३ वॉटपर्यंत वीज ओढायची मुभा आहे. सगळे कोअर एकाच वेळी कामाला लागले असताना फोनने त्याची बरोबरी करावी, अशी अपेक्षा कुणी धरू नये, आणि माझं म्हणणंही ते नव्हतं. पण त्याच फोनच्या पाठीला पंख्याचा कूलर लावून तीच चाचणी वीस मिनिटं चालवा. वेग बराच जास्त वेळ टिकतो. चिप बदललेली नसते, फक्त उष्णतेला वाट मिळालेली असते. म्हणून 'फोन मंदावतो' यावरून 'त्याचा कोअर कमकुवत आहे' असा निष्कर्ष निघत नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे असं मला वाटतं.

कोअर किती सशक्त आहे, ते पाहायला नोव्हेंबर २०२० इतका चांगला काळ नाही. एएमडीचा रायझन ९ ५९५०एक्स आणि ॲपलचा एम१ त्याच महिन्यात बाजारात आले. पहिला एका कोअरवर ४.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, दुसरा ३.२ गिगाहर्ट्झला थांबतो. तरीही एका कोअरच्या चाचण्यांमध्ये दोघे जवळपास बरोबरीला होते, काही चाचण्यांत तर एम१ पुढे. त्या वेगाला रायझनचा एक कोअर साधारण २० वॉट खात होता, एम१चा त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

हे जमलं कसं? क्लॉकच्या एका ठोक्यात जास्त काम करून. एम१च्या मोठ्या कोअरचा डिकोडर एका ठोक्याला आठ आज्ञा उलगडतो, त्या वेळच्या झेन ३चा, म्हणजे वरच्या रायझनमधल्या कोअरचा, चार. आज्ञांसाठीचा सर्वांत जवळचा कॅश (कोअरलगतची छोटी, वेगवान मेमरी) एम१मध्ये १९२ किलोबाइट, झेन ३मध्ये ३२. पुढच्या शेकडो आज्ञा आधीच पाहून ठेवायच्या, त्यांतल्या एकमेकींवर अवलंबून नसलेल्या शोधायच्या आणि क्रम न पाहता उरकून टाकायच्या, असा हा रुंद कोअर आहे. मोबाइलवाल्यांना या रचनेकडे वळावंच लागलं, कारण क्लॉक वाढवायचा रस्ता त्यांना बंद होता. वीज ही क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४ गिगाहर्ट्झ १ व्होल्टवर मिळतात आणि ५ गिगाहर्ट्झसाठी १.३ व्होल्ट लागतात. वेग वाढला पावपट, वीज लागली दुपटीहून जास्त. डेस्कटॉपवर मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) असतो म्हणून ही उधळपट्टी चालून जाते. फोनमध्ये ती एक मिनिटही परवडत नाही.

आता जो मुद्दा या चर्चेत क्वचितच कुणी मांडतं, तो सांगतो. रायझन ५९५०एक्समध्ये सोळा कोअर आहेत आणि संपूर्ण चिपची कमाल मर्यादा सुमारे १४२ वॉट. सोळाही कोअर कामाला लागले, मेमरी आणि इतर जोडण्यांचा वाटा बाजूला काढला, की एका कोअरच्या वाट्याला जेमतेम सहा-सात वॉट उरतात आणि क्लॉक ४ गिगाहर्ट्झच्या खाली येतो. म्हणजे पूर्ण ताकदीने राबणाऱ्या डेस्कटॉपमधल्या प्रत्येक कोअरलाही मोबाइलच्या कोअरसारख्याच टंचाईत काम करावं लागतं! तुम्ही ज्याला 'खरं काम' म्हणता, त्या रेंडरिंगच्या (संगणकाने चित्रं घडवण्याच्या) आणि कम्पाइलच्या कामात एका वॉटमागे किती काम होतं यावरच सगळं ठरतं. ही विद्या मोबाइलच्या चिप घडवणाऱ्यांनी वर्षानुवर्षं घोटली आहे. ४.९ गिगाहर्ट्झ हा आकडा खोक्यावर छापलेला असतो, पण सोळा कोअरांच्या कामात तो कधी दिसत नाही.

एआरएमच्या साध्या आज्ञांबद्दल फार लिहीत नाही. १९९५च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे मुख्य प्रोसेसरही आपल्या गुंतागुंतीच्या आज्ञा आतल्या आत छोट्या तुकड्यांत मोडून मगच चालवतात. एआरएमच्या ६४ बिटी आज्ञा ठरावीक चार बाइटच्या आणि एक्स८६च्या (इंटेल-एएमडीच्या रचनेच्या) एक ते पंधरा बाइटच्या, त्यामुळे रुंद डिकोडर बांधणं एआरएमवर सोपं जातं, हे खरं. पण अशक्य कुणालाच नाही. इंटेलने २०२१मध्ये सहा आणि २०२४मध्ये आठ आज्ञांचा डिकोडर बांधलाच. आणि 'खेळण्यातली रचना' हा तुमचा शब्द वाचून वाईट वाटलं. पहिला एआरएम सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी १९८५मध्ये एकॉर्न कंपनीसाठी घडवला, तो घरच्या टेबलावरच्या संगणकासाठी. फोनशी त्याचा संबंध नंतर आला.

एम१ मोबाइल प्रोसेसर नाही, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. नावावर जाऊ नका, आत पाहा. आयफोन १२मधल्या ए१४मध्ये जे मोठे आणि छोटे कोअर आहेत, तेच एम१मध्ये आहेत. मोठे दोनाऐवजी चार केले, मेमरीचा मार्ग ६४ऐवजी १२८ बिटांचा केला, क्लॉक ३वरून ३.२ गिगाहर्ट्झवर नेला. मूळ कोअरची रचना फोनसाठीच्या विजेच्या हिशोबात झालेली आहे, आणि माझा दावा कोअरबद्दलच होता.

असं आधीही घडलं आहे. पेंटियम ४च्या काळात इंटेल क्लॉकच्या मागे धावत होती, आणि २००४मध्ये उष्णतेपुढे हात टेकून तिने त्याचा पुढचा वारसदार रद्द केला. दरम्यान तिच्याच इस्रायलमधल्या हैफातल्या चमूने लॅपटॉपसाठी कमी विजेचा पेंटियम एम काढला होता, २००३मध्ये. २००६मध्ये त्याच वंशातला कोअर २ डुओ डेस्कटॉपवर आला, आणि २.६६ गिगाहर्ट्झचा असूनही ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ला त्याने सहज मागे टाकलं. बॅटरीसाठी केलेली काटकसर डेस्कटॉपला वाचवून गेली. तेव्हा लॅपटॉपची चिप होती, आता फोनची आहे. ही परंपरा ठाऊक असल्यामुळेच 'मोबाइलचं ते कमीच' हे वाक्य मी सोडून देऊ शकत नाही.

डेस्कटॉपचा जोर कुठे आहे, तेही स्पष्ट लिहितो. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॉट घेतं आणि सेकंदाला सुमारे १ टेराबाइट वेगाने आपली मेमरी वाचतं. फोनमधल्या चांगल्या मेमरीचा वेग त्याच्या दहाव्या भागाच्याही आत आहे. मेमरी वाढवायची सोय, जोडायला मोकळे स्लॉट, तासन् तास न ढळणारा वेग, यातलं काहीच फोन देऊ शकत नाही. त्रिमितीय रेंडरिंगचं काम करणाऱ्याला मी फोनची चिप कधीही सुचवणार नाही.

राहिलं तुमचं आव्हान. ते २०२०मध्येच पार पडलंय. एम१ येण्याआधी ॲपलने डेव्हलपरांना सरावासाठी मॅक मिनी दिले होते. खोकं डेस्कटॉपचं, १६ गिगाबाइट मेमरी, आणि आत आयपॅड प्रोचा ए१२झेड, म्हणजे निखळ टॅबलेटची चिप. त्यावर पूर्ण मॅकओएस चालत होतं, आणि डेव्हलपर आपापली सॉफ्टवेअरं त्यावरच कम्पाइल करून तपासत होते. आजच्या फोनमधले कोअर त्या ए१२झेडच्या कितीतरी पुढे गेले आहेत.

तुमच्या डेस्कटॉपवरचं एखादं लांब कम्पाइल चालू असताना दर मिनिटाचा क्लॉक आणि विजेचा वापर नोंदवून इथे टाकलात, तर दर कोअरला किती वॉट मिळतात ते आपण मिळून काढू.