सीआरपी, एनएलआर आणि माझी ‘दिशाभूल’

नमस्कार. “सोरायसिससाठी सीआरपी-एनएलआर करणं म्हणजे पैसे पाण्यात, असं लिहून तुम्ही लोकांची दिशाभूल करताय. आजार जितका जास्त तितके हे आकडे जास्त, हे सिद्ध झालंय,” असं तुम्ही लिहिलंत. ‘पैसे पाण्यात’ हे सरसकट लिहायला नको होतं, ते मूळ लेखातून काढलंय.

बाकी मतावर मी ठाम आहे: सोरायसिस (कातडीवर खपल्यांचे चट्टे उठवणारा आजार) किती आहे, ते एकट्या माणसाच्या सीआरपीवरून (सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन) किंवा एनएलआरवरून (न्यूट्रोफिल्स आणि लिम्फोसाइट्स या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर) ठरत नाही. अनेक रुग्णांची सरासरी काढली की तीव्र सोरायसिसवाल्यांचा एनएलआर चढा दिसतो, कबूल. पण तुमच्या हातातला रिपोर्ट तुमचा एकट्याचा असतो. मी डॉक्टर नाही. कोथरूडच्या एका लॅबमध्ये २२ वर्षं रक्त काढलंय. एनएलआर ही वेगळी तपासणीसुद्धा नव्हे. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीत, न्यूट्रोफिल्स ६६ टक्के, लिम्फोसाइट्स २२, भागाकार ३. झालं! तोच माणूस रविवारी धापा टाकत सिंहगड चढून थेट लॅबमध्ये आला, किंवा त्याची दाढ सुजली, तरी आकडा हलतो.

सगळ्यात फसवी तऱ्हा स्टेरॉइडच्या गोळ्यांची. चट्टे फिके पडतात, माणूस खूश. पण त्याच गोळ्यांनी न्यूट्रोफिल्स वाढतात, लिम्फोसाइट्स घटतात. म्हणजे कातडी सुधारलेली आणि एनएलआर चढलेला! गोळ्या एकदम थांबवल्या की आजार उसळू शकतो, कधी पू भरलेल्या फोडांसकट. हे कुठला भागाकार सांगणार?

सीआरपी यकृतात तयार होतं. सूज आहे एवढंच ते सांगतं, कुठे ते नाही. वजन जास्त असेल तर ते एरवीही थोडं चढंच.

त्वचेचे डॉक्टर पासी काढतात, म्हणजे सोरायसिस किती आहे त्याचा गुणांक: डोकं, हात, धड, पाय यांवर लाली, जाडी, खपल्या किती ते बघून ० ते ७२. त्यातही खोट आहेच. फक्त तळहात भेगाळलेल्या बाईंचा पासी किरकोळ येतो, पण त्यांना लाटणं धरवत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय, सकाळी बोटं आखडतात, तासभर मूठ वळत नाही. तिथे मी थांबलो. सोरायसिस सांध्यांत उतरला असेल तर सीआरपी कामाचं असतं. मात्र ते नॉर्मल आलं म्हणून सांधे आजारातून सुटले असं नाही. डॉक्टरांना हे सांगितलंय का? नसेल तर याच आठवड्यात सांगा. आणि नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर तेही दाखवा.