एनव्हिडियाने इंटेल विकत घेतलेली नाही, आणि रेडियॉनही बंद होत नाही

गेले पंधरा दिवस गोव्यातल्या फोंडा, डिचोली, साखळी भागातल्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: एनव्हिडियाने इंटेल विकत घेतली, आता एएमडीही तिच्यात विलीन होणार, कारण एनव्हिडिया आणि एएमडीचे प्रमुख मामा-भाची आहेत, एटीआयचं झालं तसंच रेडियॉनचं होणार, आणि चवथीनंतर ग्राफिक्स कार्डांचे भाव दुप्पट होणार, तेव्हा आजच एनव्हिडियाचं कार्ड घेऊन ठेवा. नावं थोडक्यात सांगतो: इंटेल आणि एएमडी संगणकाचे प्रोसेसर बनवतात; एनव्हिडिया आणि एएमडी ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या कार्डांच्या, चिप बनवतात; रेडियॉन हे एएमडीच्या कार्डांचं नाव, आणि एटीआय ही तिने पूर्वी घेतलेली कंपनी.

मी फोंड्यात संगणक जोडणी आणि दुरुस्ती शिकवतो. असे निरोप येतात नि जातात. पण परवा साखळीहून एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "सर, पतसंस्थेतली ठेव मोडतोय. मुलगा म्हणतो, आज नाही घेतलं तर नंतर परवडणारच नाही." ठेवीची मुदत संपायला फक्त चार महिने राहिले होते. ते ऐकून मला राहवलं नाही.

पहिला दावा इंटेल विकत घेतल्याचा. यात खऱ्याचा एक कण आहे. १८ सप्टेंबर २०२५ रोजी एनव्हिडियाने इंटेलमध्ये ५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. शेअरचा भाव ठरला २३.२८ डॉलर. या रकमेत इंटेलचा जेमतेम चार-पाच टक्के हिस्सा येतो. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला होता, म्हणजे एनव्हिडियाच्या दुपटीहून जास्त. हिस्सा घेणं आणि कंपनी घेणं यात किती फरक आहे, ते आपल्याकडे पतसंस्थेचा प्रत्येक सभासद जाणतो. शेअर त्याच्याकडेही असतात, म्हणून तो संस्थेचा मालक म्हणवत नाही.

गुंतवणुकीबरोबर दोघांनी मिळून चिप बनवायचंही ठरलं: इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स एकत्र. यावरूनच 'एक झाले' ही हूल उठली असावी. पण असं याआधीही घडलंय, आणि तेही दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांमध्ये. २०१८ मध्ये इंटेलने काही लॅपटॉपसाठी असा प्रोसेसर काढला, ज्याच्या पॅकेजमध्ये एएमडीचं रेडियॉन ग्राफिक्स होतं. ती मालिका आली आणि बंदही झाली. इंटेल आणि एएमडी आजही बाजारात एकमेकांशी झुंजताहेत.

आता नात्याचं. हे नातं खरं आहे. एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांच्या आईचे वडील आणि एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांची आई ही सख्खी भावंडं. म्हणजे जेन्सन हे लिसांच्या आईचे आतेभाऊ, आपल्या हिशेबाने दूरचे मामा. दोघांचीही मुळं तैवानमधली. पण दोघं एकत्र वाढलेले नाहीत, आणि आपण दूरचे नातेवाईक आहोत हे लिसा सू यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ज्यांची ओळख करून द्यावी लागते, तितकं हे नातं.

आणि नातं अगदी सख्खं असतं तरी काय? प्रमुख म्हणजे मालक नव्हे. जेन्सन हुआंग यांच्याकडे स्वतःच्याच कंपनीचे तीन-चार टक्के शेअर आहेत. लिसा सू २०१४ मध्ये एएमडीच्या प्रमुख झाल्या, त्यांची ती नेमणूक आहे, वारसा नव्हे. विलीनीकरणाला संचालक मंडळाची मंजुरी लागते, भागधारकांचं मतदान लागतं, आणि मग देशोदेशीच्या नियामकांचा होकार.

या शेवटच्या पायरीवर भलेभले अडलेत. एनव्हिडियाने सप्टेंबर २०२० मध्ये आर्म ही कंपनी ४० अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं. आर्म चिपचे आराखडे विकते, ग्राफिक्स कार्डांत ती एनव्हिडियाची थेट प्रतिस्पर्धीही नव्हती. तरी डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दावा ठोकला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सौदा मोडला. क्वालकॉम या चिप कंपनीने एनएक्सपी ही दुसरी चिप कंपनी घ्यायचा प्रयत्न केला, तो जुलै २०१८ मध्ये सोडून द्यावा लागला, कारण चीनची परवानगी आलीच नाही. इंटेलचा टॉवर सेमीकंडक्टर ही चिप कंपनी घेण्याचा सौदा ऑगस्ट २०२३ मध्ये याच कारणाने फिसकटला. सुट्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात आज एनव्हिडियाचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, आणि उरलेल्यातला मोठा भाग एएमडीचा. या दोघींना एकत्र येऊ देईल असा नियामक मला तरी दिसत नाही.

निरोप लिहिणाऱ्याने एक्स-८६ परवान्याचाही विचार केलेला नाही. एक्स-८६ म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांची मूळ रचना. इंटेल आणि एएमडी यांनी २००९ मध्ये एकमेकींचं तंत्रज्ञान वापरण्याचा करार केला. त्यात अशी अट आहे की दोघींपैकी कुणाचीही मालकी बदलली तर करार संपुष्टात येतो. म्हणजे यांतली कुठलीही कंपनी घेऊ पाहणाऱ्याला आधी ही गाठ सोडवावी लागेल. हे काम चवथीपर्यंत उरकणारं नव्हे.

एटीआयच्या दाव्याने मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण माझ्या हाताखालून एटीआयची कितीतरी कार्डं गेली आहेत. एएमडीने ती कॅनडातली कंपनी २००६ मध्ये सुमारे ५.४ अब्ज डॉलरना घेतली. २०१० मध्ये एटीआय हे नाव कार्डांवरून गेलं, हे खरं. पण रेडियॉन हे नाव आणि त्यामागचं काम राहिलं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही गेम खेळायची यंत्रं आली, दोन्हींत एएमडीच्या चिप होत्या. पुढे प्लेस्टेशन ५ मध्येही एएमडीच. एटीआयच्याच घराण्यातलं मोबाइल ग्राफिक्स एएमडीने २००९ मध्ये ६.५ कोटी डॉलरना क्वालकॉमला विकलं. फोनांत असणाऱ्या क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपमधलं ॲड्रिनो ते हेच. इंग्रजीत रेडियॉनचीच अक्षरं फिरवून ते नाव केलंय. तो निरोप वाचणाऱ्या कितीतरी फोनांत ते आजही चालतंय.

खरोखर बुडालेल्या कार्ड कंपनीचं उदाहरण हवं असेल तर थ्रीडीएफएक्सचं घ्या. २००० च्या डिसेंबरात एनव्हिडियाने तिची मालमत्ता घेतली आणि तिची वूडू कार्डं संपली. नव्वदच्या दशकात अर्धा डझन कंपन्या कार्डांसाठी चिप बनवत होत्या, आज तीन उरल्यात, आणि ती तिसरी, इंटेल, २०२२ मध्येच नव्याने उतरलीय. निवड कमी होत गेली, ही चिंता मलाही आहे. पण ती व्यक्त करायला खोटी बातमी लागत नाही.

राहिला भावाचा प्रश्न. २०२०-२१ मध्ये एनव्हिडियाचं ६९९ डॉलरचं आरटीएक्स ३०८० कार्ड अमेरिकेतसुद्धा दुप्पट भावाने विकलं जात होतं. त्यामागे विलीनीकरण नव्हतं. क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून नाणी मिळवणं, होतं, कोविडकाळातली मागणी होती, चिपचा तुटवडा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंगच बंद झालं आणि वापरलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. २०२५ च्या अखेरीपासून ताण आहे तो मेमरीचा. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांचा ओढा एआयच्या सर्व्हरांकडे आहे; मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदा गुंडाळायचं जाहीर केलं. तेव्हा कार्डं महाग होऊ शकतात, हे मी नाकारत नाही. पण ती महागली तर सगळ्यांचीच महागतील, कारण मेमरी तिन्ही कंपन्यांच्या कार्डांना लागते. फक्त एनव्हिडियाच घ्या, हा सल्ला त्यातून निघत नाही.

साखळीच्या त्या मुलाला ब्लेंडर हे त्रिमित चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचंय. ते तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतं. रेंडरिंगला, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला, एनव्हिडिया सहसा पुढे असतं, हे मी त्याला लपवलं नाही. वडिलांना म्हटलं, ठेव पिकू दे. मग मुलाला विचारलं, सध्याच्या पीसीचा पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे? त्याने बाजूचं झाकण उघडून फोटो पाठवला. ४५० वॅटचा, आठ वर्षांचा जुना, पावसाळ्यातल्या दमट हवेने गंज चढलेला. कार्ड कुठलंही घेतलं तरी आधी तोच बदलावा लागणार आहे.